मजुराचा पंचनामा कोण करणार?

संपादक साहेब,
निफाड, दिंडोरीकडं गारपीट झाली की द्राक्षाच्या बागेत तलाठी येतो, फोटो निघतात, पंचनामा होतो, आणि तो व्हायलाच पाहिजे, पण त्याच बागेत थिनिंगला (घड विरळ करायला), काढणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायामाणसांचं काय? त्यांच्या नावावर सातबारा नाही म्हणजे त्यांचं नुकसानच नाही असं धरतात. मजुरी त्याच दिवशी बंद, किराण्याची उधारी वाढत जाते आणि मग पोरीची शाळा सुटते, हे फार वाईट आहे. अहो, १९७२ च्या दुष्काळात आपल्याच महाराष्ट्रानं रोजगार हमी उभी केली, १९७७ ला कायदा केला, मागेल त्याला काम! देशानं तसा कायदा २००५ ला केला. त्याच वर्षापासून इथिओपियात गरजू कुटुंबांना वर्षातले काही महिने पैसे नाहीतर धान्य मिळतं, दुष्काळ वाढला की यादीत नावं वाढवता येतात (त्या देशाच्या टिग्रे भागातल्या युद्धात मात्र तिथली घडी विस्कटली). आपल्याकडं तर रेशनकार्ड आहे, बरेच जणांचं बँक खातं आहे. गारपीटग्रस्त गावात राबणाऱ्या मजुरांचीही पंचनाम्यात नोंद घ्या, पंधरा दिवसांत खात्यात मदत टाका, आणि हमीचं काम त्याच आठवड्यात काढा, जिल्हा प्रशासनाला एवढी कळकळीची विनंती.
– एक वाचक, नाशिक रोड