आराखडा भिंतीवर, किल्ली शिपायाच्या खिशात

मा. संपादक,
स. न.

शाळेतल्या आपत्ती व्यवस्थापनाची तपासणी म्हणजे आग विझवायचे लाल सिलिंडर मोजणं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी वाळवा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्याकडे असे चार सिलिंडर होते, भरलेले, वर तारखेची चिठ्ठी लावलेले. तरी एका दुपारी फजिती झालीच.

पोषण आहाराच्या शेडमध्ये गॅसच्या नळीने पेट घेतला. स्वयंपाकाच्या मावशींनी ओलं गोणपाट टाकून विझवलीसुद्धा, दोन मिनिटांत. पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि साडेतीनशे पोरं एकदम बाहेर पडली. पुढचं फाटक शेडला लागूनच, म्हणजे मुलं आगीकडेच धावत होती. मागचं फाटक उसाच्या बाजूला उघडतं. मधल्या सुट्टीत मुलं तिकडून सटकतात म्हणून त्याला कायम कुलूप. किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपाई वेतन पथकाच्या कामाला सांगलीला गेलेला. आठवीतल्या एकाने कंपाउंडवरून उडी मारली, त्याचं कोपर फुटलं. तेवढ्यावर निभावलं.

त्या दिवशीही ऑफिसच्या भिंतीवर आमचा ‘शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ लॅमिनेट करून टांगलेला होता. कबूलच करते, तो मीच कोकणातल्या एका परिचित मुख्याध्यापकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला होता. शाळेचं नाव बदललं, सही-शिक्का केला, झालं. त्यात त्सुनामी आल्यास काय करावे हे सविस्तर होतं. कृष्णाकाठी त्सुनामी! मागच्या फाटकाचा मात्र शब्द नव्हता. यूडायसच्या, म्हणजे शाळेने दरवर्षी सरकारला द्यायच्या माहितीत ‘आराखडा आहे का’ यापुढे मी दरवर्षी ‘होय’ भरत आले, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढे जपानमधल्या इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेबद्दल वाचलं आणि पोटात गोळा आला. समुद्रापासून जवळपास चार किलोमीटर आत, नदीकाठची शाळा. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मुलं शिस्तीत मैदानात जमली आणि सुमारे पन्नास मिनिटं तिथेच थांबली. पुढे जायचं कुठे, हेच ठरेना. शाळेच्या मागे टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक त्सुनामीच्या पाण्यात गेले. पालक कोर्टात गेले तेव्हा त्या शाळेचा आराखडा तपासला गेला. जायचं ठिकाण म्हणून त्यात ‘जवळची मोकळी जागा, बाग वगैरे’ एवढंच लिहिलेलं होतं. कोणती, ते नाही. पालकांच्या बाजूचा निकाल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

आपल्याकडचं म्हणाल, तर १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये आग विझवायची साधनं ठेवा, शिक्षकांना शिकवा, असे आदेश दिले. साधनं आली. सिलिंडरची पिन कशी काढायची, हे आमच्या बावीस जणांत फक्त एनसीसीच्या सरांना माहीत होतं. मॉक ड्रिल व्हायचं, नाही असं नाही. पण आदल्या दिवशी परिपाठात सांगून. मुलं चपला घालूनच घंटेची वाट बघत बसायची, फोटो छान यायचे.

पुराचं एक बरं असतं, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दोन दिवस आधीपासून घराघरात कळत असते. गॅसची नळी, आग्या मोहोळ, जुनी भिंत काही कळवत नाहीत. म्हणून शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी भेटीला येतील तेव्हा फाइल मागण्याआधी त्यांनी एवढंच म्हणावं, ‘मागचं फाटक उघडून दाखवा.’ आराखडा एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात जागेचं नाव हवं, किल्ली कुणाकडे ते हवं, तो रजेवर असेल तर कुणाकडे तेही हवं. आणि गडबडीत फाटकावर आलेल्या काका-मामांपैकी कुणाच्या हाती मूल सोपवायचं, हे पालकांकडून जूनमध्येच लिहून घ्यावं.

आमच्या शाळेत आता मागच्या फाटकाची एक किल्ली दहावीच्या वर्गाबाहेर खिळ्याला असते. नव्या मुख्याध्यापकांनी परवा कुणालाही न सांगता घंटा दिली. सहा मिनिटांत मैदान भरलं, सगळे खूश. मग कळलं, सातवीच्या दोन मुली स्वच्छतागृहातच राहिल्या होत्या. मोजणारच कोण? हजेरी मोबाइलवर, आणि वर्गशिक्षिकेचा मोबाइल स्टाफरूममध्ये चार्जिंगला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कागदी हजेरीपट पुन्हा वर्गावर्गात ठेवले. या महिन्यात ते आणखी एकदा घंटा देणार आहेत. कधी, ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, वाळवा तालुका (जि. सांगली)