बॅटरी बदलण्याआधी

चि. लेका,

अनेक आशीर्वाद.

"आई, गाडीची बॅटरी गेली, उद्या नवी टाकतो," असा तुझा निरोप आला. नवी टाकायला माझी ना नाही, पण बॅटरी गेली हे ठरवलं कुणी? बॅटरी उतरणं वेगळं आणि जाणं वेगळं. उतरलेली चार्जिंगला लावली की पुन्हा कामाला लागते, गेलेली लागत नाही. तिसरीही एक शक्यता आहे: बॅटरी ठणठणीत असते आणि खोट भलतीकडेच असते. किल्ली फिरवणाऱ्याला तिन्ही वेळेला एकच दिसतं, गाडी चालू होत नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी कान दे. हेडलाइट लाव आणि सेल्फ मार. इंजिन रखडत, कण्हत फिरलं आणि दिवे मंदावले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा जोडणी खराब आहे. कट-कट-कट असा झपाझप आवाज आला तरी तेच. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर; तिला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो, असा तो खेळ चालतो. एकच ठोका पडून सगळं गप्प झालं आणि दिवे मात्र लखलखीत राहिले, तर माझा पहिला संशय स्टार्टरवर. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, असं असेल तर बॅटरीला बोल लावू नकोस. तिचं काम तिने केलं आहे.

मग बॉनेट उघड आणि टर्मिनल बघ. पांढरट-निळसर भुकटी साचली असेल तर ती ॲसिडची करणी. नुसत्या हाताने क्लॅम्प पिळून बघ. हलला तर सैल आहे, आणि सैल क्लॅम्पपायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत. क्लॅम्प काढून खायचा सोडा पाण्यात कालवून त्यावर घाल. फेस येतो, भुकटी विरघळते. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नकोस, आतलं ॲसिडच मारशील. नंतर शिशाचा खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आतही काळपट थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतो.

त्यासाठी मल्टीमीटर लागेल. साधा चालेल, डीसी २० व्होल्टवर ठेव. एक टोक शिशाच्या खुंटावर धर आणि दुसरं त्याच खुंटाला कवटाळून बसलेल्या क्लॅम्पवर. दोघांत केसाएवढंही अंतर नाही, म्हणजे आकडा शून्याच्या जवळच हवा. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. त्या क्षणी मीटरने अर्धा व्होल्ट दाखवला, तर झारीतला शुक्राचार्य तिथेच बसला आहे. बॅटरीकडून निघालेली जाड काळी वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने आवळलेली असते, ती जागाही तपास. ही जोडणी, म्हणजे गाडीचा अर्थ, खराब असला की सगळी लक्षणं बॅटरी गेल्यासारखीच दिसतात.

आता खुद्द बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहू दे. नुकतीच चालवली असेल तर आकडा खोटा चढलेला असतो. तेवढी सवड नसेल तर हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद कर, थोडं थांब आणि मग मोज. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज करूनही काटा १०.५ च्या आसपास अडकला, तर सहांतला एक कप्पा बसला आहे असं धर. मग इलाज नाही.

पण स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा अर्धंच सांगतो. १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरीही सेल्फ मारताना मान टाकते. म्हणून टोकं खुंटांवर धरून सेल्फ मारायला लाव आणि आकडा किती खाली जातो ते बघ. १० च्या वर राहिला तर छान. ९.६ च्या खाली घसरला आणि बॅटरी पूर्ण चार्ज होती, तर ती थकली आहे. वर्कशॉपमधली लोड टेस्ट याच ९.६ वर बेतलेली असते: बॅटरीवर सीसीए म्हणून (थंडीत ती किती ॲम्पिअर करंट देऊ शकते तो) जो आकडा छापलेला असतो त्याच्या निम्मा करंट १५ सेकंद ओढायचा आणि तेवढ्यात ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. हल्ली बरेच जण छोटं यंत्र लावून दोन मिनिटांत "बदला" असा कागद काढून देतात. यंत्र वाईट नसतं, पण उतरलेल्या बॅटरीवर लावलं तर त्याचा निकाल मी मानत नाही. आधी पूर्ण चार्ज कर, मग तपास.

चार्जिंगही सावकाश. ४५ ॲम्पिअर-अवर साठवणाऱ्या (म्हणजे एक ॲम्पिअर ४५ तास पुरवेल अशा) बॅटरीला ४-५ ॲम्पिअर पुरेत, आणि रात्रभर लागेल. "अर्धा तास फिरवून आणतो, होईल चार्ज" हा समज सोड. शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. भरली की केबल न जोडता एक रात्र ठेव. सकाळी १२.६ च्या आसपास राहिली तर ती नुसती उतरली होती. १२.४ च्याही खाली आली तर नवी घे, मी काही म्हणणार नाही.

गाडी चालू असताना एकदा मोज. १३.८ ते १४.७ मध्ये आकडा दिसला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, आपलं काम करतोय. बंद गाडीचाच आकडा चालू गाडीतही दिसला तर बॅटरी भरतच नाहीये, आणि नवी टाकलीस तरी तीही उतरेल. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे दिवे, पंखा सगळं लावून पुन्हा बघ. एक मात्र कधी करू नकोस. जुने लोक चालत्या इंजिनावर बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायचे. आजच्या गाडीत व्होल्टेजचा तो एक झटका कंट्रोल युनिट जाळू शकतो.

बॅटरी नुसती उतरली होती असं निघालं, तर खरा प्रश्न पुढे येतो: उतरवली कुणी? बंद गाडीतही घड्याळ, लॉक, अलार्म थोडा करंट खातात. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतं. दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर झाले, म्हणजे ४५ ची बॅटरी निम्मी व्हायला सुमारे १९ दिवस लागतील. तोच करंट अर्धा ॲम्पिअर असेल तर दोन दिवसांत निम्मी. मोजायला निगेटिव्ह केबल काढ आणि मीटर १० ॲम्पिअरवर लावून केबल आणि खुंट यांच्या मध्ये जोड. दारं बंद, किल्ली गाडीपासून लांब. अर्धा-पाऊण तास थांब, कारण गाडीतले संगणक लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारलास तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समज. आकडा मोठा दिसला तर फ्यूज एकेक करून काढ. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. डिकीचा न विझणारा दिवा, मागाहून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, हे नेहमीचे संशयित. चार्जिंग बरोबर दाखवणाऱ्या अल्टरनेटरचा एखादा डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बिघडला तर गाडी बंद असताना करंट गळू देतो, आणि तिथे भलेभले फसतात.

चोर सापडेपर्यंत बॅटरी उतरलेली पडू देऊ नकोस. १८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये कापड घालून गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. पत्र्यांची घडण पुढे खूप सुधारली, रसायन आजही तेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक थर धरतो आणि चार्ज करताना तो परत विरघळतो. पण आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर ते कण मोठे आणि कडक होतात. मग चार्जर लावूनही हलत नाहीत. उतरलेली बॅटरी जाते ती अशी. उष्णतेने प्लेटांच्या आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात, म्हणून बॅटरीचा जीव जातो उन्हाळ्यात आणि बातमी कळते थंडीत, जेव्हा इंजिनचं ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त जोर लागतो. एकूण आयुष्य तीन ते पाच वर्षांचं. तुझीवर तारीख कोरलेली असेल, तीही बघून ठेव. पाच वर्षं उलटली असतील तर इतका तपास करून तिला वाचवण्यात अर्थ नाही, करंट कुठे गळतो त्याचा तपास मात्र तरीही कर.

नवी घेताना जुनीचा फोटो बरोबर ने. लांबी-रुंदी-उंची आणि पॉझिटिव्ह खुंट कुठल्या बाजूला आहे हे जुळलं पाहिजे, नाहीतर केबल पोचत नाही. ॲम्पिअर-अवर आणि सीसीए कंपनीने सांगितले असतील त्यापेक्षा कमी नकोत. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, म्हणजे वारंवार सेल्फ मारणं सोसणारी, लागते. साधी बसेल, चालेलही, पण लवकर मरेल. एजीएम होती तिथे एजीएमच घाल. बनवल्याची तारीख ताजी बघ आणि घेण्याआधी मीटर लाव. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागायला लाजू नकोस.

बसवताना अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेव, डोळ्यांवर चष्मा लाव. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ठिणगी किंवा सिगारेट नको. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेव. करंट नसताना तिचं इलेक्ट्रिक लॉक उघडायचं नाही. किल्ली खिशात, गाडी बंद. आधी निगेटिव्ह काढ, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलास आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर सगळी बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. पाना लालबुंद होतो आणि हात भाजतो. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना टेकला तरी काही होत नाही. खालची पट्टी सोड, बॅटरी सरळ उचल, तिरकी करू नकोस. अंगावर येईल इतकी जड असते, गुडघे वाकवून उचल. ट्रेमध्ये ॲसिड सांडलं असेल तर सोड्याच्या पाण्याने धू आणि कोरडं कर.

नवी ठेवलीस की पट्टी आधी आवळ. हलती बॅटरी हादऱ्यांनीच मरते. मग पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. शिसं मऊ असतं, पान्यावर लोंबकळू नकोस. हाताने पिळून क्लॅम्प हलला नाही म्हणजे झालं. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव. जुनीला गॅसची नळी असेल तर ती नवीला लावायची विसरू नकोस, विशेषतः बॅटरी गाडीच्या आत असेल तर.

घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काचा एका दाबात वर-खाली होत नसतील तर मॅन्युअलमध्ये रीसेटची पद्धत दिलेली असते. डॅशबोर्डवरचे एक-दोन दिवे थोडं चालवल्यावर आपोआप विझतात. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने संगणकाला कळवावी लागते. तुझ्या गाडीत तसं आहे का, ते विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघ. जुनी बॅटरी उभीच ठेवून विकणाऱ्याला परत दे. तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं. कचऱ्यात टाकायची नाही आणि ॲसिड गटारात तर नाहीच नाही.

तोवर कुठे अडकलास आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर (दोन जाड जोडकेबल) लावावा लागला, तर लाल केबल आधी तुझ्या पॉझिटिव्हला, मग त्यांच्या पॉझिटिव्हला. काळी आधी त्यांच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुझ्या बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला. काढताना नेमकं उलटं.

आज रात्री गाडी हलवू नकोस. उद्या सकाळी दार हळूच उघड, बॉनेट उचल आणि सेल्फ मारण्याआधीचा आणि मारतानाचा, असे दोन्ही आकडे मला पाठव. घ्यायची की नाही ते मग बोलू.

तुझी,
आई