इंजिन शाबूत, पण पार्ट मिळत नाही

मा. संपादक,
स. न.

परवा आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, जुन्या गाड्या कशा दणकट आणि आताच्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे. वाचून हसू आलं. मी ३१ वर्षं इथे नाशिकच्या सातपूरला कारखान्यात मशीनवर काढली, गाड्यांचेच पार्ट बनवायचो, म्हणून थोडं लिहितो, मोठं झालं तर कापा.

पहिले त्या दणकटपणाचं. आमच्या मामांकडे पद्मिनी गाडी होती. मुंबईहून येताना कसारा घाट लागला की मामी पायाशी ठेवलेला पाण्याचा कॅन उचलून मांडीवर घ्यायची, कारण पुढे काय होणार ते ठरलेलंच. पेट्रोल पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी बंद. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कठड्यावर बसून राहायचं. डिकीत पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) घासायला पॉलिश पेपर, एक जादा कॉइल, एक फॅनबेल्ट कायम. साठ-सत्तर हजार किलोमीटरला रिंग-पिस्टनचं, म्हणजे इंजिन खोलायचं, काम निघालं, तर मामा म्हणाले चला, चांगली चालली! मागच्या सीटखालचा पत्रा गंजून खालचा रस्ता दिसायचा, ते वेगळंच. गाडी टिकली म्हणता, पण सतत कोणीतरी तिच्या मागे लागून ती टिकवत होतं, आणि नवीन घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघा, मग दुरुस्त करत राहण्याशिवाय माणूस करणार काय.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आमच्या शॉपमध्ये सगळे तिला खेळणं म्हणायचे. त्या खेळण्याने आम्हालाच कामाला लावलं. तोपर्यंत जॉब (बनवलेला पार्ट) बसतोय ना, मग पाठवून दे, असा कारभार होता, नंतर नंतर माप जरा चुकलं की लॉटच्या लॉट परत यायला लागले. सातपूरच्याच मायको कंपनीत डिझेल फवारायचे नोझल बनायचे, त्यात सुई आणि बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉन असते, आणि आपला केस सत्तरच्या आसपास, म्हणजे विचार करा. आमच्यासारख्या छोट्या शॉपना तेवढं बारीक माप लागत नाही, पण त्या वळणावर यायला नव्वदचं दशक उजाडलं, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) आल्या तेव्हा.

नंतर कार्बोरेटर गेला, २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले म्हणून मोजून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. सकाळी चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं आणि रिंगा घासायच्या, ते थांबलं. ऑइल सुधारलं. बॉडी अख्खी टाकीत बुडवून करंटने प्रायमर चढवायला लागले, गंज कमी झाला. शिर्डी लाइनच्या टॅक्सीवाल्यांना विचारा, क्वालिस तीन-तीन लाख फिरवल्यात इंजिन न खोलता. तेव्हा पत्र्याचा डबा वगैरे मला पटत नाही.

पण आता माझं खरं दुखणं. माझी गाडी २०१३ ची, डिझेल, कंपनीचं नाव लिहीत नाही. रनिंग एक लाख चाळीस, इंजिन एकदम मक्खन, ऑइल कमी होत नाही. मार्चमध्ये एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, दिवा लागला. शोरूमवाला म्हणे त्याचा मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबा, गेलाय, ४८ हजार, आणि मागवला तरी कधी येईल सांगता येत नाही. वडाळा नाक्यावरच्या आमच्या मेकॅनिक चाचांनी धुळ्याच्या भंगारातून सेम नंबरचा काढून आणला, २२०० ला. बसवला, कनेक्टर टिक्कन बसला, पण गाडी तो मॉड्यूल ओळखेना. त्याला म्हणे कंपनीच्या सॉफ्टवेअरवर कोडिंग लागतं आणि ते बाहेरच्याला मिळत नाही. चाळीस वर्षं हाताने इंजिनं बांधलेला माणूस लॅपटॉपसमोर गप्प बसून होता, मलाच कसंतरी झालं. मामांच्या गाडीत हे झालंच नसतं, एकीचा पंप काढून दुसरीला लावला की चालू.

हे काही माझं एकट्याचं रडगाणं नाही. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन कमिशनने २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, तो याच कारणासाठी, की पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल पण काढलं, त्यात गाड्या आहेत. मी बघितलं, मॅन्युअल वगैरे आहे, पण माझ्या मॉड्यूलचं कोडिंग काही त्यात सापडलं नाही.

सरकार गाडी पास करताना आरसी १५ वर्षांची देतं. त्यानंतर रिन्यू करायला पूर्वी ६०० लागायचे, २०२२ पासून पाच हजार केले, वर ग्रीन टॅक्स. बरं, भरतो. पण मग ती १५ वर्षं प्रत्येक पार्ट मिळालाच पाहिजे आणि कोडिंगचं लॉगिन वाजवी फी घेऊन गॅरेजवाल्यांना दिलं पाहिजे, एवढं कंपनीकडून लिहून घ्यायला परिवहन खात्याला काय हरकत आहे? माझ्या आरसीची अजून अडीच वर्षं बाकी आहेत, गाडी सोसायटीत उभी आहे, दिवा चालूच आहे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक