ग्रंथपाल काका, मनापासून आभार

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या चौथीतल्या चौघांचा ‘गोदावरीचा पूर’ हा गट प्रकल्प शाळेत मांडून झाला. आता तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका वाचनालयात गेलो होतो. “संदर्भ विभागात मुलांना सोडत नाही, गोष्टींची पुस्तकं न्या,” असं तिथं पोरांच्या तोंडावर ऐकवलं. स्टेशनरीच्या दुकानात तर तयार प्रकल्पच पुढे केला, चित्रांसकट. आपण फक्त नाव घालायचं! चौथीतल्या पोरांना खरोखर काही शोधायचं असेल, हे कुणाला पटतच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

तुम्ही मात्र मला नाही, मुलांना विचारलंत, “काय शोधायचंय?”

माझी लेक म्हणाली, “क्युसेक म्हणजे किती पाणी?” दर पावसाळ्यात नाशिकमध्ये दोनच गोष्टी कानावर येतात: गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले आणि गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. तरी तुम्ही धरणांवरचं जाडजूड पुस्तक तिच्यापुढे ठेवलंत, शेवटची सूची उघडून दिलीत आणि शेजारी बसून राहिलात. जोडाक्षर असल्यानं तो शब्द ‘क’च्या अगदी शेवटी, तिचं बोट नुसतं वरखाली फिरत होतं. तेवढ्यात मासिक बदलायला आलेले एक गृहस्थ घाई करू लागले. तुम्ही त्यांना म्हणालात, “जरा थांबा, या ताईंचं काम चाललंय.”

काका, नऊ वर्षांच्या पोरीच्या कामासाठी तुम्ही मोठ्या माणसाला थांबवलंत. त्या क्षणी ती कशी ताठ बसली, ते मी पाहिलंय. आठवलं की अजून डोळे भरून येतात.

सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, हे तिनंच शोधलं. मग चौघांनी हिशेब मांडला: दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास वीस हजार बादल्या! गोदावरीची लांबी एका पुस्तकात १,४६५ किलोमीटर, दुसऱ्यात १,४५० निघाली, तेव्हा दोन्ही आकडे पुस्तकांच्या नावांसह लिहायला तुम्हीच सांगितलंत. बाईंनी नेमकं तेच विचारलं, आणि पोरं अडली नाहीत.

लहानांशी आदरानं बोलणारी माणसं गावात असतात म्हणून पोरं प्रश्न विचारत राहतात. पुढचा विषय नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी आहे. चौघांना पाठवते.

आपली,
चौथीतल्या एका ‘ताईं’ची आई