गोदावरीत वाळू पुन्हा येणार कोठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूघाटांच्या लिलावाची बातमी दर वर्षी छापून येते आणि ‘पावसाळ्यात नदी पुन्हा भरतेच’ हे वाक्य तीत कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतेच. शाळेत भूगोल शिकवण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाला ते वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले तोच हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. या दगडात गारेचा, म्हणजे वाळूचे टणक कण ज्याचे होतात त्या क्वार्ट्झ खनिजाचा, अंश जवळजवळ नसतो. त्यामुळे तो झिजला की त्याची वाळू थोडी आणि चिकण माती फार होते. आपली काळी कसदार जमीन त्यातूनच झाली. म्हणजे ज्या गुणामुळे आपल्याकडे कापूस पिकतो, त्याच गुणामुळे वाळू कमी पडते. गोदावरीच्या पात्रातील काळपट वाळू ही अशी हजारो वर्षांत कणाकणाने साठलेली पुंजी आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर-बिलोलीची गोष्ट वेगळी. तिकडे लाव्ह्याचे आवरण संपून सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट उघडा पडतो, आणि म्हणूनच मांजरेची वाळू तांबूस, कणीदार उतरते. आमच्याकडचे गवंडी ती मुठीत चोळून पाहतात आणि तळहाताला माती लागली नाही की मान डोलावतात. गोदेची वाळू मात्र दोनदा चाळून घ्या म्हणतात.

त्या चाळणीवर उरलेले गोटे आपण अंगणात पसरून टाकतो. त्यांत कधी मधाच्या रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक सापडतो. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत तयार झालेले हे खडे सातवाहनांच्या काळी पैठणहून गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असत, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पैठण आणि तेर येथे अशा दगडांचे मणीही सापडले आहेत. (माझ्याकडे असा एक गोटा अजून कागदावर ठेवायला आहे.)

आता मुख्य मुद्दा. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने वरून वाहत येणारा भरड गाळ आपल्या जलाशयात, नाथसागरात, अडवला. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी येते, वाळू येत नाही. खालच्या अंगाला सिंदफणेवर माजलगाव आणि पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे आहेत. शिवाय आपेगाव, हिरडपुरीपासून गोदावरीवरच बंधाऱ्यांची रांग लागली आहे. मग नदी पुन्हा भरते ती कशाने? काठ ढासळून आणि लहान ओढ्यानाल्यांनी आणले तर तेवढेच.

मागणी वाढली याचा दोष कोणाला देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीने लादलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यातील माणसाला दगडी घराची धास्ती बसली आणि ज्याला त्याला स्लॅबचे घर हवेसे झाले, हे स्वाभाविकच होते. स्लॅबला वाळू लागणारच.

गेवराई तालुक्यातील आमच्या गावी माझ्या लहानपणी चैत्रात पात्रात हातभर उकरले की झिरा लागायचा. आई वाटीवाटीने घागर भरायची आणि बुडाला चिकटलेली वाळू झटकून घागर डोक्यावर घ्यायची. आज त्याच जागी ट्रॅक्टरमागे लावलेल्या केनीने, म्हणजे वाळू ओढायच्या लोखंडी फावड्याने, केलेले पुरुषभर खड्डे आहेत, खाली पिवळी चिकण माती उघडी पडली आहे आणि काठच्या विहिरी होळीच्या आधीच तळ गाठतात. पाणी धरून ठेवणारा थरच गेला, तर विहिरीला झरा लागणार कसा?

केंद्र सरकारच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्यात किती वाळू नव्याने आली हे मोजूनच उपशाचे प्रमाण ठरवायचे असते. माझी विनंती एवढीच की, हे मोजमाप प्रत्येक घाटावर पावसाळ्याआधी आणि नंतर, गावकऱ्यांच्या देखत व्हावे आणि त्याचे आकडे ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. जेथे वाळू आलीच नाही, त्या घाटाचे नाव लिलावाच्या यादीत येऊ नये. काळ्या दगडापासून केलेली कृत्रिम वाळू हा पर्याय आपल्याकडे आहे आणि दगडाला तर तोटा नाही; मात्र खडी क्रशरवरची नुसती कच, म्हणजे दगडाची भुकटी, वाळू म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा तिचीही तपासणी व्हावी आणि खाणीसाठी गावाची गायरान टेकडी परस्पर दिली जाऊ नये. यंदाचे लिलाव पुकारण्यापूर्वी निदान गोदाकाठच्या घाटांचे मोजमाप तरी जाहीर करावे, ही प्रशासनाला आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. गेवराई, जि. बीड