कोलोनच्या क्योबेसकाकांना, मनापासून

क्योबेसकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही. जर्मनीतल्या तुमच्या कोलोन शहराच्या ब्राउहाउसांमध्ये, म्हणजे बियरच्या पारंपरिक खाणावळींमध्ये, बियर वाढणाऱ्या सगळ्यांनाच क्योबेस म्हणतात. ते याकोब नावाचं तिथल्या बोलीतलं रूप, हे तुम्हीच मला सांगितलंत.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. शिकायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कॅथेड्रलजवळच्या तुमच्या ब्राउहाउसात मी एकटीच शिरले आणि लांब लाकडी टेबलाच्या टोकाला बसले. काही मागायच्या आत तुम्ही क्योल्शचा, म्हणजे तुमच्या कोलोनच्या बियरचा, उभट, सडपातळ ग्लास पुढ्यात ठेवलात. तो संपतोय तोच दुसरा. मग तिसरा. नको कसं म्हणायचं कळेना, बिलाच्या विचाराने पोटात गोळा आला. तुमच्या ते लक्षात आलं. ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून तुम्ही तिच्यावरच्या पेन्सिलीच्या तीन रेघा बोटाने मोजून दाखवल्यात आणि ती माझ्या ग्लासावर झाकणासारखी ठेवलीत. चकती वर, की क्योबेस थांबला!

मला गावाकडची पंगत आठवली. पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढपी तरी कुठे थांबतो?

मी शाकाहारी. मेनूतल्या ‘हाल्वे हान’चा शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा, एवढं मोबाइलवर सापडलं म्हणून ती ओळ मी सोडून दिली होती. तुम्ही ‘केझे, केझे’, म्हणजे ‘चीज, चीज’, म्हणत तेच हाल्वे हान, राय धान्याचा छोटा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, मस्टर्ड आणि कांदा आणून ठेवलात. घर सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

नंतर येत राहिले, तसं तुम्ही शिकवत राहिलात. ग्लास फक्त २०० मिलीचा, कारण क्योल्शचा फेस लवकर बसतो. थोडी थोडी, ताजीच प्यायची. उबेत, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवायची आणि मग थंडीत मुरवायची, म्हणून ती फिकट सोनेरी आणि हलकी. १९८६ साली २४ ब्रुअरींनी सह्या केलेल्या कराराबद्दल तर तुम्ही घरातल्या कार्यासारखं सांगायचात. क्योल्श हे नाव कोलोन आणि आसपासच्या ब्रुअरींनीच वापरायचं, हा तुमचा अभिमान मला फार आवडायचा.

गेल्या आठवड्यात आले, तर तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं. आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानते. एकदा माझ्यासमोर टेबलावर बसा, काका. दोन हाल्वे हान मागवू. पैसे मी देणार.

तुमची,
टेबलाच्या टोकाला बसणारी पुण्याची मुलगी