दूध जास्त येणाऱ्या आयांबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. १ ते ७ ऑगस्टच्या सुमाराला असे लेख दरवर्षी येतात आणि ते यायलाच हवेत. पण विषय बहुतेक वेळा एकच असतो, दूध कमी पडतंय, काय करावं? मग अळीव, डिंक, मेथी, शतावरी, बाळंतशोपा. ज्यांचं दूध बाळाला पुरत नाही त्यांची काळजी मोठी, त्याबद्दल दुमत नाही. मात्र ज्यांचं दूध थांबता थांबत नाही, रात्री अंथरूण भिजतं, चारचौघांत पदर सावरत बसावं लागतं, त्यांच्यासाठी एक ओळही नसते. मी त्यांच्यातली. माझं दुसरं बाळ आता पाच महिन्यांचं आहे. कराडला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते.

थोरलीच्या वेळी दूध उतरायला वेळ लागला होता. तेव्हा आईने अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं मायेनं केलं. धाकट्याच्या वेळी तेच डबे त्याच क्रमाने पुन्हा आले, कारण बाळंतिणीला हे द्यायचंच असतं. दुसऱ्या खेपेला अनेकींना दूध लवकर आणि भरपूर उतरतं, हे आमच्याकडे कुणी कधी बोललं नव्हतं. घरी येईपर्यंत छाती गच्च दाटली होती. एका बाजूला बाळ लावलं की दुसरीकडून धार लागायची. बाळंतिणीने चांगलं पोटभर जेवावंच. पण दूध मुळातच जास्त असताना ते वाढवायचे कल्प आणि लाडू कशासाठी, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी आधी विचारायला हवा.

बाळाला डॉक्टरीण बाईंकडे लसीला नेलं तेव्हा तिथल्या सिस्टरांनी मला समोर बसवून पाजायला लावलं आणि सगळं नीट समजावलं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. ते रक्तातून दोन्हीकडे पोचतं, म्हणून दूध दोन्हीकडून एकदमच सुटतं. बाळाने ओढायचीसुद्धा गरज नसते, त्याची आठवण पुरते, दुसऱ्याचं बाळ रडलं तरी पुरतं.

हे मी दुकानात अनुभवलं होतं. एक बाई पैठणीवरच्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या, सोबत त्यांच्या भाचीचं तान्हं. मी टेप लावून खांद्याचं माप घेत होते आणि ते बाळ रडायला लागलं. छातीत मुंग्या आल्या आणि माझ्या फिक्या आकाशी ब्लाउजवर दोन ओले गोल उमटले, बघता बघता मोठे झाले. हातात टेप, तोंडात टाचण्या. पदर ओढायला हात मोकळा नव्हता. त्या बाई कौतुकाने म्हणाल्या, ‘भाग्याची आहेस गं, एवढं दूध!’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण असं सगळेच म्हणतात, त्यामुळे त्रास सांगायची सोय उरत नाही. भाग्याची तक्रार कोण ऐकणार?

आणि त्रास नुसता कपड्यांचा नसतो. दुधाची धार जोरात आली की बाळ ठसकतं, खोकतं, तोंड सोडून रडतं. माझ्या बाळाच्या पोटात वारा धरायचा आणि शी हिरवी, फेसाळ व्हायची. ‘अंगावरचं दूध बाधतंय, वरचं सुरू कर’ असा सल्ला मला शेजारातून मिळाला आणि नात्यातूनही. या सल्ल्याचा मला खरा राग आहे. बाळाचं वजन छान वाढत होतं, दुधात काही खोट नव्हती, फक्त वेग जास्त होता. सिस्टरांनी मला मागे रेलून बसायला आणि बाळाला पोटावर पालथं घेऊन पाजायला शिकवलं. तसं धरलं की दुधाला वर चढावं लागतं आणि जोर कमी होतो. पहिली जोराची धार फडक्यात जाऊ द्यायची आणि मग बाळाला लावायचं. घरोघरी ‘पिळून पार रिकामं कर’ असं सांगतात. त्याने उलटंच होतं, जितकं काढावं तितकं शरीर नवं तयार करतं. फार दाटलं तर आराम पडेल एवढंच काढायचं. काही तास एकच बाजू पाजायचा उपायही असतो. पण तो आपल्या मनाने करू नये आणि पहिल्या आठवड्यांत तर नकोच. बाळाचं वजन पाहून डॉक्टरांनी सांगितलं तरच. ताप आला, छातीवर लाल दुखरा चट्टा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि पाजणं बंद करायचं नाही.

पान्हा फुटतोय असं जाणवलं की हाताची घडी घालून तळव्याने छाती सरळ आत काही क्षण दाबून धरायची, गळती थांबते. एसटीत, बँकेच्या रांगेत, कुणाच्या लक्षातही येत नाही. ही एवढीशी युक्ती मला आधी कुणी सांगितली असती तर मी बारशाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहिले नसते. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत सारखं दाबू नये, गाठी होऊ शकतात.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. दूध टिपायला ब्लाउजच्या आत ठेवायचे, बाजारातले वापरून फेकायचे पॅड रोज परवडत नाहीत आणि काहींना मागे प्लॅस्टिक असतं. त्यात ओल कोंडते, कातडी मऊ पडते, चिरा जातात. मी घरीच शिवले. अंगाकडून जुन्या धुवट धोतराचा किंवा मलमलीचा एक थर, मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचे किंवा फ्लॅनेलचे दोन-तीन, बाहेरून घट्ट विणीच्या सुती पॉपलिनचा एक. गोल साधारण पाच इंचांचा. कडेपासून मध्यापर्यंत एक छोटा टक्स, म्हणजे कापड दुमडून निमुळती शिवण, घ्यायचा, म्हणजे पॅड वाटीसारखा बसतो आणि त्याची कड ब्लाउजवरून उमटत नाही. कडेला पायपिंग लावू नका, ती दिसते. नुसतं ओव्हरलॉक पुरे. डझनभर तरी हवेत, कारण ओला झाला की लगेच बदलायचा. धुताना आधी गार पाण्यात खळबळायचे, गरम पाण्याने दुधाचा डाग बसतो. कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध घालू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. आणि दुसऱ्या कपड्याखाली लपवून नका वाळत घालू. उघड्या उन्हात घाला, त्यात लाजायचं काय?

ब्लाउजचंही असंच. गडद, बारीक नक्षीचं कापड ओल लपवतं. फिका एकरंगी कपडा लगेच सांगतो. आतून सुती अस्तर दुहेरी लावावं, पण ब्लाउज घट्ट शिवून घेऊ नये, दाबाने दूध साकळतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी माप देऊन झाल्यावर, दारात चप्पल घालताना, हळूच म्हणतात, ‘ताई, आतून जरा जाड अस्तर लावाल का?’ कारण सांगत नाहीत. आता कडेवर तान्हं दिसलं की मीच विचारते आणि पुढून हुकं, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं कापड, जास्त ठेवते. मग त्या बसतात आणि बोलतात, पुष्कळ बोलतात.

त्यातल्या नोकरीवाल्या काय सांगतात तेही ऐका. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, ५० किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन वेळा सुट्टी द्यावी, हे तर मूळच्या १९६१ च्या कायद्यापासूनच आहे. पण कापडाच्या दुकानात चार मुली कामाला असतात, लहान पतसंस्थेत सहा-सात माणसं. तिथे पाळणाघर नाही आणि कडी लागेल अशी खोलीही नाही. छाती दाटली की त्या संडासात उभ्या राहून दूध काढतात आणि ओतून देतात. एसटी स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्षाची कल्पना आली, फार चांगलं झालं. बाजारपेठेत, तहसील कचेरीत, मोठ्या दुकानांत एक खुर्ची, एक नळ आणि आतून कडी असलेला कोपरा करायला कितीसा खर्च येतो? व्यापारी मंडळींनी मनावर घेतलं तर दिवाळीच्या आत होईल.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईच्या रक्ताची तपासणी करून दूध घेतात, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात आणि कमी दिवसांच्या, नाजूक बाळांना देतात. आमच्याकडे जास्तीचं दूध झाडाच्या मुळाशी घालायची रीत आहे, मीही घातलं. ज्यांच्या जवळपास अशी पेढी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून तिथे जरूर द्यावं. हे आपल्या पुरवणीत येईल तर कितीतरी जणींना कळेल.

म्हणून विनंती आहे की, पुढच्या ऑगस्टची वाट न पाहता जास्त दुधाच्या त्रासावर बालरोगतज्ज्ञ किंवा स्तनपान समुपदेशकांचा एक सविस्तर लेख छापावा, आणि त्यात वाचक आयांच्या प्रश्नांना उत्तरं असावीत. सोबत पॅडचं माप छापणार असाल तर टक्सची जागा दाखवून कागदावर पॅटर्न काढून पाठवायला मी तयार आहे.

आपली नम्र,
ब्लाउज शिवणारी एक वाचक, कराड